तीन पैशांचा फरक

चार कोटी एकोणतीस लाख एकोणपन्नास हजार सहाशे बहात्तर रुपये पंचाण्णव पैसे. ही रक्कम मला गेली चाळीसहून अधिक वर्षे पाठ आहे. बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला एखादा आकडा पाठ असावा यात नवल नाही. पण ही रक्कम कुणाच्या खात्यातली नव्हती, कुठल्या कर्जाची नव्हती आणि माझी तर नव्हतीच नव्हती. ती एका काळ्या प्लॅस्टिकच्या डबीची कुवत होती. पैशापैशाचा हिशेब त्या डबीला जास्तीत जास्त एवढाच बिनचूक लक्षात ठेवता येत असे. मात्र त्याच्या कितीतरी अलीकडे, दहा लाखांचा उंबरठा ओलांडला की ती तोंडाने निराळेच सांगू लागे. हे मला उशिरा कळले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका माणसाने मोजली.

डबीचे नाव सिंक्लेअर झेडएक्स ८१. १९८२ च्या डिसेंबरात माझा आतेभाऊ लेस्टरहून महिनाभराच्या रजेवर आला. तिथल्या होजिअरीच्या कारखान्यात तो नोकरीला होता. आईसाठी कपबश्या, वडिलांसाठी लोकरी मफलर आणि माझ्यासाठी ही डबी. ‘कॉम्प्युटर आहे,’ तो म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे काचेमागची थंडगार खोली आणि चपला बाहेर काढून आत जाणारी गंभीर माणसे. ही वस्तू तर शाळेच्या वहीपेक्षा आखूड आणि वजनाला साधारण साडेतीनशे ग्रॅम. आईने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि विचारले, ‘सेल कुठे घालायचे?’

सेल नव्हतेच. विलायती प्लगाचा एक अ‍ॅडॅप्टर होता, दोन वायरी होत्या आणि एक जाड पुस्तिका होती. आतेभावाने हे यंत्र ‘डब्ल्यू. एच. स्मिथ’मध्ये घेतले होते. हे विलायतेत गावोगावी असलेले दुकान; तिथे वर्तमानपत्रे, पेन्सिली आणि वाढदिवसाची कार्डे मिळत. अशा दुकानात कॉम्प्युटर मिळावा, हीच मुळात क्लाइव्ह सिंक्लेअरची करामत.

हा गृहस्थ १९४० सालचा. कॉलेजात न जाता इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांत लेख लिहू लागला, पुढे टपालाने रेडिओची किट विकू लागला, मग खिशातले कॅलक्युलेटर. स्वस्ताईचे त्याला वेडच होते. १९८० साली त्याने झेडएक्स ८० हा कॉम्प्युटर ९९ पौंड ९५ पेन्सला काढला आणि शंभर पौंडांची भिंत पाडली. ५ मार्च १९८१ रोजी आलेला झेडएक्स ८१ त्याहूनही स्वस्त होता. तयार घेतला तर ६९ पौंड ९५ पेन्स, आणि सुटे भाग घेऊन घरी झाळकाम करायची तयारी असेल तर ४९ पौंड ९५. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, त्याची किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे होती. आतेभावाने घेतला तोवर झेडएक्स ८१ आणखी उतरला होता. त्याने मोजलेल्या पौंडांचे त्या वेळच्या दराने आठशे रुपयांवर काही होत होते. माझ्यासारख्या नव्या कारकुनाला ते थोडे नव्हते, पण कॉम्प्युटर या शब्दापुढे फारच थोडे होते.

यंत्रे तयार होत स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात, टाइमेक्सच्या कारखान्यात. मनगटी घड्याळे जोडण्यात मुरलेल्या हातांनी, बहुतेक बायकांच्या, ही जुळणी होई. घड्याळांचा धंदा बसत चालला होता. या डबीने आणि तिच्या धाकट्या भावंडाने त्या कारखान्याला काही वर्षे काम दिले. आम्ही इकडे ‘कॉम्प्युटर नोकऱ्या खाणार’ म्हणून घोषणा देत होतो, तेव्हा तिकडे तो काही घरांच्या चुली पेटत्या ठेवत होता. अर्थात तो कारखानाही कडवट संपानंतर १९९३ साली बंद झाला, हेही सांगितले पाहिजे.

आता डबीच्या आत काय होते ते सांगतो. माझ्या नातवाला सांगतो तसेच, कारण मला तेवढेच कळते.

आधीच्या झेडएक्स ८० मध्ये एकवीस चिपा होत्या. नव्यात उरल्या चार. एक झेड ८० जातीचा प्रोसेसर, म्हणजे काम करणारा. दुसरी रॉम, म्हणजे यंत्राला जन्मतः पाठ असलेले ८ किलोबाइट. त्यात बेसिक ही भाषा, वर्गमुळे, ज्या-कोज्या, सगळे कोंबलेले. तिसरी रॅम, म्हणजे आपल्याला लिहायला मिळणारी पाटी, १ किलोबाइटची. आणि चौथी फेरँटी कंपनीची खास चिप, जिच्यात आधीच्या अठरा चिपांचे काम एकवटले होते. काटकसर म्हणतात ती ही. हल्ली फोनवर काढलेला एखादा फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो. तेवढ्यासाठी अशा तीन-चार हजार डब्या लागतील.

काटकसरीची खरी गंमत पडद्यात होती. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा. पण चित्र उमटवायला वेगळी यंत्रणा ठेवली तर खर्च वाढतो, म्हणून सिंक्लेअरच्या माणसांनी ते कामही प्रोसेसरच्याच गळ्यात मारले. एकच कारकून काउंटरवर बसला आहे आणि लेजरही त्यानेच लिहायचे आहे, अशी कल्पना करा. टीव्हीचे चित्र सेकंदाला पन्नास वेळा नव्याने रेखावे लागते. चित्राचा भाग रेखताना कारकुनाला मान वर करायची सोय नाही. चित्राच्या वर आणि खाली जी कोरी पट्टी असते तेवढ्या उसंतीत तो आपला हिशेब करणार. त्यामुळे त्याचा जवळपास तीन चतुर्थांश वेळ गिऱ्हाइकांचे तोंड सांभाळण्यात जाई. याला यंत्राच्या भाषेत ‘स्लो’ म्हणत. ‘फास्ट’ असा हुकूम दिला की कारकून सरळ काउंटरची खिडकी बंद करी. पडदा कोरा, आणि आत चौपट वेगाने काम. उत्तर तयार झाले की खिडकी पुन्हा उघडे. आमच्या शाखेतही गर्दीच्या दिवशी हेच चाले, म्हणून मला ते यंत्र पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले.

रंग नव्हते. आवाज नव्हता. पांढऱ्या पडद्यावर काळी इंग्रजी अक्षरे, तीही फक्त मोठ्या लिपीतली. डॉलर आणि पौंड यांची चिन्हे होती. रुपया त्याला ठाऊक नव्हता. चाळीस कळा होत्या, पण कळा कसल्या, पापडासारखा सपाट पडदा आणि त्यावर छापलेले चौकोन. दाबल्याचे बोटाला कळतच नसे. एकेका चौकोनावर चार-चार, पाच-पाच अर्थ. ‘पी’ दाबला की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटे. टंकनाचे कष्ट वाचत हे खरे, पण मुख्य म्हणजे तो अख्खा शब्द पाटीवर एकाच बाइटची जागा घेई.

जागा! त्या डबीने मला जागेची किंमत शिकवली. १,०२४ बाइटांतले १२५ यंत्र आपल्या घरखर्चाला ठेवून घेई. पडद्यावर लिहिलेले प्रत्येक अक्षरही त्याच पाटीतून जाई. आपल्या वाट्याच्या बावीस ओळी काठोकाठ भरल्या तर सातशेवर बाइट तिथेच संपत. म्हणजे जास्त बोललात तर विचार करायला जागा नाही! (ही सोय काही सभांच्या ध्वनिक्षेपकांत असती तर बरे झाले असते.) प्रोग्रॅममध्ये नुसता १ लिहिला तर सात बाइट खर्ची पडत. एक आकड्याचा, एक खुणेचा आणि पाच त्याच्या किमतीचे. मग लोकांनी युक्ती काढली. यंत्राला पायची किंमत मुळातच पाठ होती. तेव्हा ‘पायचे चिन्ह काय’ असे विचारायचे. ते धन आहे, म्हणून उत्तर १. खर्च दोन बाइट. शून्य हवे असेल तर ‘नॉट पाय’. पुन्हा दोनच. सातातले पाच वाचले. आमची आजी ताकाच्या भांड्यात पाणी फिरवून तेही कढीत ओतायची, तिची मला आठवण होई.

या काटकसरीत डेव्हिड हॉर्न नावाच्या माणसाने तर कमाल केली. १९८२-८३ च्या सुमारास त्याने या एका किलोबाइटात बुद्धिबळ बसवले. अवघे ६७२ बाइट! कॅसलिंग वगैरे थोडे नियम गाळले होते, पण यंत्र समोर बसून खेळत होते. इतका लहान बुद्धिबळाचा प्रोग्रॅम २०१५ पर्यंत दुसऱ्या कुणाला जमला नाही. ज्यांना एक किलोबाइट पुरेना त्यांच्यासाठी मागे खोचायचा १६ किलोबाइटचा डबा मिळे. तो सैल बसे आणि टेबलाला धक्का लागला की सगळे पुसले जाई, म्हणून विलायतेत लोक तो चिकटपट्टीने बांधून ठेवत. त्यावर चालणारा एक खेळ होता. चक्रव्यूहात अंगावर धावून येणारा डायनोसॉर. माझ्याकडे तो डबा नव्हता. मी आपला एका किलोबाइटचा संसार करीत होतो.

डोंबिवलीत हा संसार थाटणेही सोपे गेले नाही. यंत्राचे चित्र ज्या पट्ट्यात निघे तो पट्टा आमच्या टीव्हीला पकडताच येईना; मुंबई दूरदर्शन निराळ्या पट्ट्यात होते. शिवाय घरातल्या एकुलत्या एका टीव्हीवर रविवारी संध्याकाळी अर्धी चाळ सिनेमाला येई. त्याला हात लावणे म्हणजे दंगल. शेवटी आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने मार्ग काढला. त्याने डबी उघडली, आतली चित्राची तार सरळ बाहेर काढली आणि आपल्या दुकानातल्या जुन्या बारा इंची पोर्टेबल टीव्हीच्या पोटात जोडून दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते, पण कुठली तार काय सांगते हे बघता बघता कळे. पडद्याच्या कोपऱ्यात काळ्या चौकोनात पांढरा ‘के’ उमटला तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, ही तुमची वाट बघतेय.’ खरेच, तो ‘के’ म्हणजे यंत्र हुकुमासाठी थांबले आहे याची खूण होती.

वीज गेली की पाटी कोरी. जपून ठेवायचे तर कॅसेटवर. टू-इन-वनला वायर लावली की पडद्यावर काळे-पांढरे पट्टे नाचत आणि कॅसेटवर करकर आवाज भरे. एकदा मी व्याजाचा एक प्रोग्रॅम चुकून आईच्या भजनांच्या कॅसेटवर भरला. पुढे कितीतरी एकादशींना आमच्या घरी दोन अभंगांच्या मध्ये अर्धा मिनिट बचत खात्याचे व्याज ऐकू येई.

ऑफिसात मात्र मी या डबीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी युनियनचा सभासद होतो. यांत्रिकीकरणाविरुद्धच्या निदर्शनांत फलक धरून उभा राहिलो होतो, आणि ते ढोंग नव्हते. पाच-पाच, सहा-सहा कारकुनांचे काम एक यंत्र करू लागले तर आमचे काय, ही धास्ती खरी होती. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात करार झाला, पुढच्याच वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि यंत्रे येणार हे नक्की झाले. तोवर आमच्या शाखेत यंत्र म्हणजे हँडलचे बेरजेचे मशीन. तेही बहुधा बिघडलेले. आणि खरे मशीन म्हणजे अण्णा.

अण्णांचे पूर्ण नाव लिहीत नाही. बचत खात्याचे प्रमुख लिपिक, पंचावन्नच्या पुढचे, शर्टाच्या खिशात लाल आणि निळे अशी दोन पेने. लेजरच्या पानावरून बोट फिरवीत खाली येईपर्यंत त्यांची रुपये-पैशांची बेरीज तयार असे. मी त्यांच्या हाताखाली १९८१ साली लागलो. सहा महिन्यांनी एकदा, जून आणि डिसेंबरअखेर, ‘बॅलन्सिंग’ असे. प्रत्येक खात्यातली शिल्लक एका मोठ्या वहीत उतरवायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती जनरल लेजरमधल्या आकड्याशी जुळली पाहिजे. पैसासुद्धा इकडे तिकडे चालत नसे. जुळेपर्यंत रात्री थांबायचे, वडापाव खायचा, शेवटची लोकल पकडायची.

डिसेंबर १९८३ चे बॅलन्सिंग जुळेना. सव्वाआठशे खात्यांची अण्णांनी केलेली बेरीज होती २७,४१,३८६ रुपये ४७ पैसे. जनरल लेजर म्हणत होते २७,४१,३८७ रुपये ३७ पैसे. फरक नव्वद पैशांचा.

अण्णा खूष झाले. ‘नव्वद म्हणजे नवाच्या पाढ्यातला. कुणीतरी आकडे उलटेपालटे लिहिलेत. बेरीज बरोबर आहे, पोस्टिंग तपासा.’ जुन्या हिशेबनिसांचा हा ठोकताळा पक्का आहे. शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर पडणाऱ्या फरकाला नऊने भाग जातोच. करून बघा.

पण माझ्या डोक्यात डबी होती. मी शिल्लकांची यादी उतरवून घरी नेली. नावे नव्हती, नुसते आकडे होते. तरीही ते नियमात बसत नव्हते. आता कबूल करायला हरकत नाही. पै-पैचा अपूर्णांक या यंत्रांना नीट पचत नाही, दहा पैसेसुद्धा द्विमान पद्धतीत तंतोतंत बसत नाहीत, एवढे मी पुस्तिकेत वाचले होते. म्हणून रुपये न घालता सगळे पैसेच घालायचे ठरवले. आपण फार हुशार आहोत असे मला तेव्हा वाटले. पहिल्या पाच पानांची बेरीज घेतली, ती अण्णांच्या आकड्यांशी जुळली. विश्वास बसला, आणि विश्वास बसला की तपासणी सुटते. मग रविवारभर बसून सगळी खाती घातली. उत्तर आले २७४१३८६५०. म्हणजे २७,४१,३८६ रुपये ५० पैसे. रात्री पुन्हा पहिल्यापासून घातली. पुन्हा तेच.

सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर मी म्हणालो, ‘अण्णा, तुमची बेरीज तीन पैशांनी चुकली आहे.’

खोली शांत झाली. बेरीज कुणी केली, कशी केली, हे विचारल्यावर मला डबीचे नाव घ्यावे लागले. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मॅनेजर साहेबांना मात्र कॉम्प्युटर या शब्दाने भारल्यासारखे झाले. फरक नव्वद नसून सत्त्याऐंशी पैसे असेल, तर त्याला नऊने भाग जात नाही. म्हणजे अण्णांचा ठोकताळा बाद. पोस्टिंगची तपासणी थांबवून सगळ्या बेरजा नव्याने करायचा हुकूम सुटला. तीन रात्री आम्ही सहा जण बसलो. अण्णाही बसले. स्वतःचीच बेरीज, इतरांच्या देखरेखीखाली, शाळेतल्या मुलासारखी पुन्हा करीत. एक शब्द बोलले नाहीत. प्रत्येक वेळी उत्तर येत होते सत्तेचाळीस पैसे.

चौथ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता पोस्टिंग तपासायला घेतले. दुपारपर्यंत चूक सापडली. विजेच्या बिलाचा चेक होता ४१ रुपये २० पैशांचा, लेजरमध्ये नावे पडला होता ४२ रुपये १० पैशांना. फरक नव्वद पैसे. अक्षर माझे होते.

अण्णांनी लाल पेनाने दुरुस्ती केली, आद्याक्षरे घातली, लेजर माझ्याकडे सरकवले. एवढेच म्हणाले, ‘रविवारी घरी आहात का? तुमचं ते यंत्र बघायचंय.’

तो आठवडा मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढली. स्टीव्हन व्हिकर्स नावाच्या गणितज्ञाने लिहिलेली ती पुस्तिका आहे. इतके सरळ, गमतीदार तांत्रिक पुस्तक मी पुढे क्वचितच वाचले. मी आधी तिची पाने हवी तेवढीच चाळली होती. जे मला हवे होते ते तिथे स्वच्छ लिहिले होते, उदाहरणासकट: यंत्र मोठा आकडा पोटात बिनचूक ठेवते, पण पडद्यावर दाखवताना पहिले आठच अंक दाखवते. पुढचे जवळच्या शून्यात गोळा करते. पैशांत मांडले तर आठ अंक म्हणजे ९,९९,९९९ रुपये ९९ पैसे. माझी पहिली पाच पाने दहा लाखांच्या आत होती, म्हणून ती जुळली. सव्वासत्तावीस लाखांचे नऊ अंक झाले आणि सात पैशांच्या जागी शून्य आले. दोनदा घातले काय, दोनशेदा घातले काय, यंत्र त्याच ठिकाणी तसेच फसवणार होते.

रविवारी अण्णा ठाण्याहून आले. आईने कांदेपोहे केले होते. अण्णा टीव्हीसमोर पाटावर बसले. मी २७४१३८६४७ हा आकडा घातला आणि ‘प्रिंट’ केले. पडद्यावर शेवटी पन्नास. मग त्यातून सत्तावीस लाख चाळीस हजार रुपये वजा करून पुन्हा ‘प्रिंट’ केले. आले १३८६४७. शेवटी सत्तेचाळीस. सगळे पैसे जागच्या जागी.

अण्णा पुढे वाकून बघत राहिले. मग हसले, आठवडाभरात पहिल्यांदा. ‘अरे, पोटात बरोबर आहे याच्या. तोंडानं गोळाबेरीज सांगतो.’

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला. ‘यंत्राचं सोडा. शेवटी शून्य आलं तेव्हा तुम्हाला शंका यायला हवी होती. सव्वाआठशे माणसांचे पैसे एवढे गुळगुळीत नसतात हो.’ थोड्या वेळाने, पोहे खाऊन झाल्यावर, त्यांनी विचारले, ‘पण पोटात मावतं किती?’ मी पुस्तिका उघडून दाखवले: बिनचूक ठेवता येणारा मोठ्यात मोठा आकडा ४२९४९६७२९५. ‘हे पैसे धरायचे ना?’ म्हणाले आणि खिशातून पेन्सिल काढली.

संध्याकाळपर्यंत ते थांबले. ‘पी’ दाबून ‘प्रिंट’ उमटताना बघण्यात त्यांना लहान मुलासारखी मौज वाटत होती. त्यांनी ०.२५ चे वर्गमूळ काढायला सांगितले; आले अर्धा. (अगदी सुरुवातीच्या काही यंत्रांत रॉमच्या चुकीमुळे याच प्रश्नाला १.३५९१४०९ असे उत्तर येई, हे मी नंतर वाचले. बरे झाले ते यंत्र माझ्या वाट्याला आले नाही. अण्णांनी जन्मभर ऐकवले असते.) जाताना दारात म्हणाले, ‘हे येणार. थांबवून थांबणार नाही. तुम्ही तेवढं शिकून घ्या.’ मग चपला घालता घालता, ‘आणि पोस्टिंग जरा बघून करा.’

१९८६ च्या मार्चअखेर अण्णा निवृत्त झाले. लेजर पोस्टिंगचे यंत्र आमच्या शाखेत १९८८ मध्ये आले. ते त्यांनी पाहिले नाही. बेसिक थोडेफार येते असे मी अर्जात लिहिले होते, म्हणून प्रशिक्षणाला माझी निवड झाली. पहिल्याच तासाला मी विचारले, ‘हे किती अंक दाखवतं?’ वर्गात हशा पिकला. शिकवणाऱ्यांना लगेच सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी विचारून आले.

सिंक्लेअरचे पुढे काय झाले ते वर्तमानपत्रांतून कळत गेले. झेडएक्स ८१ पंधरा लाखांहून अधिक खपला. अमेरिकेत टाइमेक्सने तो वेगळ्या नावाने काढला. मग रंगीत स्पेक्ट्रम आला, त्याची एक आवृत्ती परवान्याने आपल्याकडेही निघाली. १९८३ साली साहेब सर झाले. १९८५ ची त्यांची विजेची तीनचाकी साफ आपटली. १९८६ साली कॉम्प्युटरचा धंदा त्यांनी अ‍ॅमस्ट्रॅडला पन्नास लाख पौंडांना विकला. १६ सप्टेंबर २०२१ रोजी ते गेले. त्या दिवशी मी माळ्यावरून डबी खाली काढली.

ती आता चालत नाही. कळांच्या पडद्याची आतली पट्टी वाळून तडकली आहे. या यंत्रांत ती अशी तडकतेच. आता नवी पट्टी मिळते म्हणतात, नातू मागवणार आहे. मी पुस्तिका तेवढी पुसून ठेवली. कडेच्या कोऱ्या जागेत अण्णांचे पेन्सिलीचे अक्षर अजून वाचता येते. ४,२९,४९,६७२.९५. खाली बेरजेच्या दोन रेघा, तपासल्याची लहानशी टिक, आणि आद्याक्षरे.